तुम्ही विचारलंत म्हणून: फायलीतली पानं कोरी का?

"बाई, फायली एवढ्या नीटनेटक्या, मग मधली पानं कोरी कशी?" तपासणीला आलेले साहेब विचारतात, शेजारच्या वर्गाच्या बाई विचारतात, सरावपाठाला येणाऱ्या डी.एड.च्या मुली विचारतात. घरी नवऱ्याचा प्रश्न वेगळा: सगळं ऑनलाइन भरतेस, मग हा कागदांचा संसार कशाला? सगळ्यांनाच आजवर मी "वेळ कुठं मिळतो" एवढंच सांगत आले. ते खोटं आहे. म्हणजे, अर्धं खोटं आहे.

तिसरीचा वर्ग, ३४ मुलं, खिडकीखालच्या लोखंडी मांडणीत ३४ रिंग फायली. पैसे माझे, अनुदानाचंही विचारतात म्हणून सांगितलं. आत चार भाग. वाचन, लेखन, गणित, आणि चौथ्याला मी नाव दिलेलं नाही. फायलीच्या पाठीवर फक्त हजेरी क्रमांक. पूर्वी तिथं लाल, पिवळी, हिरवी चिकटपट्टी असायची. कोण मागं पडलंय ते मला एका नजरेत कळावं म्हणून केलेली सोय. माझ्याआधी ती पोरांना कळली. मधल्या सुट्टीत "ए लाल फाइल, बॉल टाक की" असं कानावर आलं आणि त्याच संध्याकाळी मी पट्ट्या नखानं खरवडत बसले. डिंकाचे डाग अजून आहेत, त्यांना धूळ चिकटते.

आता नवऱ्याच्या प्रश्नाचं. ऑनलाइन गुण मी भरते आणि मुदतीत भरते, उगाच कुणी गैरसमज करून घेऊ नये. पण ५२ वजा २८ या वजाबाकीचं उत्तर एका पोरानं जुलैत ३६ लिहिलं. आठातून दोन काढले, पाचातून दोन काढले. मोठ्यातून लहान काढायचं, एवढं त्याला पक्कं ठाऊक. सप्टेंबरात त्यानं ३४ लिहिलं, म्हणजे दशक सुटा केला, पण पाचाचे चार करायला विसरला. डिसेंबरात २४. तीन कागद एकामागं एक लावले की ते पोर चालत आलेलं दिसतं. स्क्रीनवर पहिली दोन्ही उत्तरं चूकच, तिथं गुण शून्य. तसंच "बावन्न" ऐकून २५ लिहिणारी पोरं. कानावर आधी "बा" पडतो, हात दोन लिहून मोकळा होतो. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "पन्नास दोन" आलं तेव्हा राज्यभर चेष्टा झाली. मीही हसले होते. माझ्याच फायलीतले कागद उलटून बघितले असते तर जरा कमी हसले असते.

हे सगळं खरं असलं तरी कोऱ्या पानांचं उत्तर यात नाही. ते एका पालकसभेत आहे.

तेव्हा माझ्या फायलींत एकही पान कोरं नसायचं. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २०१० मध्ये आलं, त्याबरोबर वर्णनात्मक नोंदी आल्या, म्हणजे प्रत्येक मुलाबद्दल विषयवार लिहायची वाक्यं. तिसरीला सात विषय, ३४ मुलं, म्हणजे एका सत्रात २३८ नोंदी, वर्षाला ४७६. शिवाय आवड-छंद, विशेष प्रगती, सुधारणा आवश्यक. कुठलीही बाई एवढी वाक्यं मनानं लिहीत नाही. तयार नोंदींच्या पुस्तिका मिळतात, पुढं त्यांच्या पीडीएफ ग्रुपवर फिरायला लागल्या. विषय काढायचा, वाक्य उचलायचं, उतरवायचं. "परिसरातील घटकांची माहिती सांगतो." "कवितेचे तालासुरात गायन करते." सगळेच करतात, मीही करत होते. माझं अक्षर चांगलं, त्यामुळं माझ्या नोंदी तर फारच खऱ्या वाटायच्या.

त्या शनिवारी मी सगळ्या फायली बाकांवर मांडून ठेवल्या होत्या. खरं सांगायचं तर मिरवायच्या होत्या. कुणीही कुणाचीही फाइल उघडू शकेल, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. बहुतेक आया आपल्या पोराचं चित्र बघून, हसून, सही करून निघून गेल्या. एक वडील मात्र बसले. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर कामाला. हात स्वच्छ धुतलेले, पण नखांच्या कडांना काळं राहिलेलं. पान उलटायच्या आधी त्यांनी बोटं शर्टाला पुसली. ओळीखाली बोट ठेवून ते सावकाश वाचत होते. एका जागी बोट थांबलं.

"बाई, हे तुम्ही लिवलंय?"

"हो."

"घरी अभ्यास घेतला जात नाही. वर्गात लक्ष नसते." त्यांनी मोठ्यानं वाचलं. मग शेजारची फाइल ओढली. ती त्यांच्या पोराची नव्हती. तेच पान काढलं, तेच वाक्य. तिसरी उघडली, तिच्यातही तेच. चौथी त्यांनी उघडली नाही.

"आमच्यात माप लिवायचं तर आधी व्हर्नियर लावायला लागतोय," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "तुम्ही कधी बघिटलंसा?"

मी काय म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते, कारण त्याचीच लाज वाटते. मी म्हणाले, "अहो, ती एक पद्धत असते लिहायची."

ते थोडा वेळ गप्प बसले. मग सांगितलं, की त्यांची सेकंड शिफ्ट असते, घरी पोचायला रात्रीचे साडेअकरा होतात. पोरगं तोवर जागं राहतं. ते जेवत असताना ताटासमोर बसून पाढे म्हणून दाखवतं, सतरापर्यंत पाठ आहेत. "झोप म्हटलं तरी ऐकत न्हाई. म्हणतंय, पप्पा, तुम्हाला म्हणून दावल्याशिवाय झोपणार न्हाई." सही करून ते गेले. सही त्या वाक्याच्या अगदी खाली आहे.

वर्गात लक्ष नसतं हे खरं होतं. दुसऱ्या तासालाच त्याचे डोळे मिटायला लागायचे, हे मी रोज बघत होते. बघितलेलं लिहिलं असतं, "दुसऱ्या तासाला झोपतो", तर वडिलांनी पुढचं तिथंच सांगितलं असतं. मी बघितलं एक आणि उतरवलं दुसरंच.

तेव्हाची मी आताच्या मला विचारते: ४७६ नोंदी, जनगणना, निवडणुकीचं काम, पोषण आहाराचा हिशेब, आणि वर खऱ्या नोंदी? कुणी लिहायच्या? तिचा मुद्दा मला अजून खोडता आलेला नाही. ऑफिसच्या नोंदवहीत आजही मी तयार वाक्यंच उतरवते. ती वही वेगळी, फाइल वेगळी. हा दुटप्पीपणा आहे असं कुणी म्हटलं तर मी भांडणार नाही. फाइलपुरता नियम एकच: डोळ्यांनी बघितलं असेल तरच तारीख घालून लिहायचं, नसेल तर पान कोरं. चौथा भाग त्यासाठीच आहे. त्यात अशा ओळी असतात: "१२ ऑगस्ट. डबा उघडला नाही, विचारलं तर पोट भरलंय म्हणाला." किंवा, "मुलगी 'मी वाचतो की बाई' म्हणाली आणि अख्खा धडा न अडखळता वाचला." तयार पुस्तिकेत हिच्यासाठी "बोलण्यात प्रमाणभाषेचा वापर करत नाही" असं वाक्य आहे. कोल्हापुरात बाया "जातो", "येतो"च म्हणतात. मीही घरी म्हणते.

कागदाचा फार कैवार घ्यावा असंही नाही. २०१९ च्या पुरात वर्गात पाणी आलं, खालच्या कप्प्यातल्या फायलींचा लगदा झाला. ऑनलाइन भरलेलं सगळं शाबूत राहिलं. नवऱ्यानं हे तेव्हाच बोलून दाखवलंय.

त्या मुलाचं वर्ष संपलं, ते घर बदलून दुसऱ्या शाळेत गेले. दाखल्याबरोबर मी फाइलही दिली, पण ते पान काढून घेतलं. पुढच्या शाळेत पोराला त्रास नको, असं मनाला सांगितलं. त्यात माझी अब्रू किती आणि त्याचं भलं किती, ते कळत नाही. पान माझ्या कपाटात आहे, सहीसकट.

तर साहेब, कोरी पानं त्यामुळं. वेळ मिळत नाही हे उरलेलं अर्धं. यंदा १९ क्रमांकाच्या फायलीत दिवाळीनंतर एक ओळ नाही. मुलगी शांत, वह्या पूर्ण, गैरहजेरी नाही, चाचणीत बरे गुण. लिहावं असं काही दिसलंच नाही, म्हणजे मी तिच्याकडं बघितलेलंच नाही. सोमवारी तिच्या बाकावर जाऊन बसायचं ठरवलंय. गेल्या सोमवारीही ठरवलं होतं, तेवढ्यात पोषण आहाराची तपासणी आली.