शनिवारी तेल आणू नये

आमच्या आजीचा नियम होता, शनिवारी घरात तेल आणायचं नाही. मी धरून चालले की शनी-मारुतीचं काहीतरी असणार. लग्नानंतर डोंबिवलीत सासूबाईंनीही तेच सांगितलं, तेव्हा तर खात्रीच पटली. आजी मात्र शनीचं नाव कधी घ्यायची नाही. ती म्हणायची, "तेली शनवारी घाणा जुंपत नाय." हे वाक्य मी पन्नास वर्षांनी, गेल्या रविवारी, मशीद बंदरच्या गर्दीत एका हातगाडीला वाट देताना आठवलं.

सूनबाईनं माझं नाव परस्पर एका 'हेरिटेज वॉक'मध्ये घातलं होतं. मुंबईतल्या ज्यू वस्तीची पायी सफर. "आई, रिटायर होऊन दोन वर्षं झाली, जरा बाहेर पडा." बरोबर आधार कार्ड आणा, अशी सूचना होती. 2008 च्या मुंबई हल्ल्यानंतर सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, दारात ओळखपत्र दाखवल्याशिवाय आत सोडत नाहीत. त्यांचं चुकतंय असं कोण म्हणेल?

मशीद स्टेशनच्या बाहेर आम्ही नऊ जण जमलो. वाट दाखवणारी मुलगी ठाण्याची, स्वतः बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी. ती इंग्रजीत सांगत होती, कारण एक जर्मन पाहुणी होती आणि उरलेल्यांनाही इंग्रजीच बरं वाटत होतं. बोटीचं सांगून झालं. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात जोडपी वाचली आणि पुढे कोकणभर पांगली, अशी त्यांच्यात परंपरेनं चालत आलेली कथा आहे. मग ती म्हणाली, या लोकांनी तेल गाळण्याचा धंदा धरला, शनिवार त्यांचा विश्रांतीचा वार, त्या दिवशी काम करायचे नाहीत, म्हणून गावात त्यांना अमुक म्हणत. ते 'अमुक' तिनं इंग्रजीत सांगितलं. मला ते मनात मराठीत आणायला थोडा वेळ लागला, आणि मग मी जवळजवळ ओरडलेच, "शनवार तेली!"

सगळे वळून बघायला लागले. ती हसली. "तुम्ही कुठल्या?"

"माहेर नागाव. अलिबागचं."

"मग तुम्हाला काय सांगू मी, मावशी!"

पण सांगितलं तिनं, आणि तेव्हापासून अर्धं मराठीत. सॅम्युएल स्ट्रीट म्हणजे सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांच्या नावाचा रस्ता. समाजात सामाजी हसाजी दिवेकर. कंपनी सरकारच्या पलटणीत होते, म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत पडले. असं सांगतात की, धर्म विचारल्यावर त्यांनी बेने इस्राएल म्हटलं, आणि टिपूच्या आईनं कुराणातलं हे नाव ओळखून त्यांचा जीव वाचवला. सुटलो तर देवाचं घर बांधीन, हा नवस त्यांनी 1796 साली फेडला. पुढच्याच वर्षी कोचीनला गेले असताना तिकडेच वारले. त्यांनी बांधलेलं शाअर हारहमीम, म्हणजे दयेचं दार, 1860 मध्ये आताच्या जागी आलं. समाजातले लोक त्याला 'जुनी मशीद' म्हणत. 1840 च्या सुमाराची दुसरी झाली ती 'नवी मशीद'. लोकलच्या स्टेशनाला नाव या जुन्या मशिदीवरूनच पडलं, असं जुनी माणसं सांगतात. तीस वर्षं मी व्हीटीला नोकरीला जाताना हे स्टेशन ओलांडलं, आणि दरवेळी ते फक्त 'आता उठायचं, दाराशी जायचं' एवढंच होतं.

इमारत बाहेरून पटकन दिसत नाही. प्लास्टिकच्या बादल्या, सुका मेवा, मसाल्याची पोती यांच्यामधून मान वर करावी लागते. आत गेल्यावर मात्र एकदम शांत. मधोमध लाकडी कठडा असलेला चौथरा, त्याला तेवा म्हणतात. वर बायकांसाठी गॅलरी, छताला टांगलेले काचेचे दिवे, पडद्यामागे तोराच्या, म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या. एक रिकामी खुर्ची होती. ती एलियाहू हानाबी, म्हणजे संदेष्टा एलिया, याची. त्याच्या नावानं हे लोक नवस बोलतात आणि फेडताना मलिदा करतात. गोडाचे पोहे, खोबरं, फळं. जर्मन बाई भरभर लिहून घेत होती. मला नवल वाटलं नाही, मी पोह्यांवर वेलची घालतात का एवढंच विचारलं. घालतात.

मग सणांची नावं निघाली, आणि तिथे मी खरी हरले. जुन्या लोकांचे सण असे: नव्याचा सण, खिरीचा सण, शिळा सण, दारफाळणीचा सण. आणि एक बिरड्याचा सण. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दुःखाचा हा दिवस, आणि त्या दिवशी केळीच्या पानावर मोडाच्या वालाचं बिरडं. जगात कुणी दोन हजार वर्षांपूर्वीच्या मंदिरासाठी वाल सोलत असेल तर तो फक्त रायगड जिल्ह्यातला माणूस. मांसाबरोबर दूध चालत नाही, म्हणून यांच्या रश्शात नारळाचं दूध. नव्या वर्षाला चिकाचा हलवा, त्यातही नारळाचंच दूध. आमच्याकडे त्याच चिकाच्या कुरडया.

नंतर टॅक्सीनं भायखळ्याला गेलो. तिथलं सिनेगॉग मागेन डेविड, निळं, घड्याळाचा मनोरा, 1861 चं, डेविड ससून यांचं. देखणं आहे, आमच्यातल्या सगळ्यांनी तिथेच जास्त फोटो काढले. पण ते बगदादी, म्हणजे बगदादकडून आलेल्या, ज्यूंचं. गंमत म्हणजे ससून मंडळींनी 1836 मध्ये सरकारला अर्ज केला होता, दफनभूमीत आमच्या आणि बेने इस्राएलांच्या मध्ये भिंत घाला. हे ऐकून मला त्या निळ्या इमारतीचा उगाचच राग आला. मुलगी म्हणाली, "मावशी, आता सगळे मिळून प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवतात." शेजारच्या जेकब ससून शाळेतली बहुतेक मुलं मुसलमान आहेत, हेही तिनंच सांगितलं.

निरोप घेताना तिनं हळूच विचारलं, पुढच्या महिन्यात माहेरी जाणार का. तिची आत्या इस्राएलमध्ये अश्दोदला असते, 1970 च्या आसपास गेलेली, आणि दर फोनला कडवे वाल मागते. इथल्या दुकानातले नको, गावचे.

दोन किलो सांगून ठेवलेत. एक किलो तिच्या आत्याला. मोड आणून पाठवता आले असते तर तेही केलं असतं.