म्हातारी बघायला थांबली नाही

शनिवार, रात्री

हक्काची सुट्टी आज ऑफिसने खाल्ली. अंधेरीला एका हॉटेलात फक्त बायकांसाठी वर्कशॉप होतं, विषय ‘आपल्यातली देवी ओळखा’. मुलुंडहून घाटकोपर, तिथून मेट्रो, छत्री ठिबकतेय आणि दारातच एक मुलगी पत्त्यांचा कॅट पुढे करून म्हणते, “मॅम, एक काढा ना.” मला दुर्गा आली. शेजारणीला सीता आली. तिने लगेच विचारलं, बदलून मिळेल का? (मिळाली. कालिका दिली. खूश झाली.)

मग आरशासमोर उभं राहून मोठ्याने म्हणायचं, मी दुर्गा आहे, मी समर्थ आहे, मी परिपूर्ण आहे. हॉलभर बायका एका सुरात समर्थ झाल्या. मीही म्हटलं, पण डोळ्यांपुढे जूनमधला अप्रेझलचा कागद होता. त्यावर ‘मेहनती, विश्वासू’ एवढंच, आणि बढती गेली माझ्याच हाताखाली काम शिकलेल्या मुलाला. दुर्गेने त्या कागदाचं काय केलं असतं ते मला नीट माहीत आहे. मी सही करून परत दिला होता.

घरी येऊन लेकीला सांगितलं. ती मानसशास्त्र घेऊन बी.ए. करतेय, त्यामुळे अशा विषयांवर तिचं भाषण तयारच असतं. म्हणाली, तुमच्या वर्कशॉपच्या बाईंनी त्या स्विस मानसशास्त्रज्ञाचं, कार्ल युंगचं नाव घेतलं असेलच. घेतलं होतं. मग ऐक म्हणाली. युंगने आदिबंधांची कल्पना मांडली हे खरं. माता, वीर, शहाणी म्हातारी, लबाड सोंगाड्या अशी काही रूपं जगभरच्या पुराणांत, स्वप्नांत फिरून फिरून दिसतात, कारण ती माणसाच्या सामायिक अबोध मनात असतात, असं तो म्हणायचा. पण त्या रूपाशी स्वतःला एकच समजू नका, माणसाचा अहं त्याने फुगतो, हा इशाराही त्याचाच. दुर्गा मनात असणं वेगळं, आणि शनिवारी दुपारी अंधेरीत मी म्हणजेच दुर्गा असं जाहीर करणं वेगळं. 1937-38च्या हिवाळ्यात हा गृहस्थ हिंदुस्थानात येऊन गेला होता म्हणे. आजचा पत्त्यांचा कॅट बघायला हवा होता त्याने.

तिने आणखी एक सांगितलं, ते जास्त लागलं. 2009 साली कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोॲन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग छापला. लोकांना ‘मी प्रेम करण्याजोगी आहे’ अशा अर्थाचं वाक्य मनात घोळवायला सांगितलं. ज्यांना स्वतःबद्दल आधीच बरं वाटत होतं त्यांना जरा अधिक बरं वाटलं. ज्यांना वाटत नव्हतं, ते ते वाक्य म्हणून आणखी खाली गेले. गरज ज्यांना, नेमकं त्यांनाच ते औषध बाधलं.

म्हणजे मी आरशासमोर कसनुशी झाले त्याला शास्त्राधार आहे. झोपते.

सोमवार

पहिला श्रावणी सोमवार. संध्याकाळी सासूबाईंनी नेहमीप्रमाणे कहाणी वाचली. त्यांच्या पोथीचं मुखपृष्ठ कधीच गेलंय, पहिलं पान तुळशीबागेतल्या कुठल्याशा जुन्या कॅलेंडरच्या कागदाने चिकटवलेलं. त्यांना सगळं पाठ आहे, तरी चष्मा लावून बोट ठेवूनच वाचतात.

खुलभर दुधाची कहाणी. लहानपणापासून ऐकतेय, म्हणून आजवर बहुधा कधी ऐकलीच नाही. राजाला महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा असतो. दवंडी पिटतात, सगळ्यांनी घरातलं सगळं दूध घेऊन यावं. लोकांना धाक पडतो. वासरांना पाजत नाहीत, मुलांना देत नाहीत, गावचं दूध देवळात ओततात. गाभारा भरत नाही. दुपारी एक म्हातारी येते. घरचं काम उरकून, मुलाबाळांना खाऊ घालून, लेकीसुनांना न्हाऊ घालून, गाईवासरांना चारा घालून, मग थोडं गंधफूल, बेलाची पानं आणि खुलभर, म्हणजे अगदी छोट्या भांड्यात मावेल एवढं, दूध घेऊन. ओतते, आणि गाभारा भरतो.

शाळेत याचा अर्थ ‘भाव महत्त्वाचा’ असा शिकवला होता. असेल. पण आज मला मधलंच एक वाक्य लागलं. म्हातारी देवाला आधीच सांगून टाकते की राजाने एवढं करून तुझा गाभारा भरला नाही, माझ्या खुलभर दुधाने कुठला भरायला. म्हणजे तिचा स्वतःवर अजिबात विश्वास नाहीये! ‘मी समर्थ आहे’ वगैरे काही नाही. माझं माप एवढंच आहे हे ती देवासमोर कबूल करते आणि तरीही ओतते. ओतून घरी जाते. गाभारा भरतो तो तिची पाठ वळल्यावर. गुरव बघतो, म्हातारी नाही. दुसऱ्या सोमवारी तेच. तिसऱ्या सोमवारी राजा स्वतः दबा धरून बसतो आणि तिचा हात धरतो, तेव्हा ती घाबरते.

वर्कशॉपमध्ये हा पत्ता नव्हता. खुलभर दुधाच्या म्हातारीचा पत्ता कोण काढणार? पण मी आतापर्यंत स्वतःला मोजत आले ते राजाच्या हिशेबाने, गाभारा भरला की नाही. खुल केवढा, ते कधी पाहिलंच नाही.

हे लिहून बरं वाटलं, आणि लगेच संशय आला. आपलं काम करा, बघायला थांबू नका, हे तर बायकांना कुणीही सांगतं. साहेबांना ही कहाणी सांगितली तर ते नोटीस बोर्डावर लावतील.

शुक्रवार

जिवतीचा कागद, चणे-गूळ, लेकीला ओवाळणं. ती मोठी झाली तरी हातात मोबाईल धरून ओवाळून घेते.

आज शुक्रवारची कहाणी. गरीब बहीण श्रीमंत भावाच्या सहस्रभोजनाला मुलांना घेऊन जाते. तो म्हणतो, अंगावर धड नेसणं नाही, दागिना नाही, लोक हसतात, उद्यापासून येऊ नकोस. तरी ती पोरांसाठी जाते, आणि शेवटी तो हात धरून बाहेर काढतो. पुढे शुक्रवारच्या व्रताने तिला लक्ष्मी मिळते, तेव्हा भाऊ स्वतः जेवायला बोलावतो. ती भरजरी नेसून जाते, दागिने काढून पाटावर ठेवते, त्यांच्यावर भात वाढते, मोत्यांवर जिलबी ठेवते. भाऊ विचारतो, ताई हे काय? ती म्हणते, ज्यांना तू जेवायला बोलावलंस त्यांना भरवतेय.

हा प्रसंग मला फार आवडतो. मुंबईत लग्नकार्याला गेलं की, कुठे राहता, स्वतःचं की भाड्याचं, हे विचारून माणसं ताटाची जागा ठरवतात, तेव्हा जिलबी मोत्यांवर ठेवायची माझी फार इच्छा असते. पण एक अडचण आहे. कहाणीतल्या बहिणीला उत्तर द्यायला आधी श्रीमंत व्हावं लागलं. मोती नसते तर जिलबी कशावर ठेवली असती? (शेवटी ती भावाला माफ करून जेवते. ते मला अजून पटलेलं नाही.)

म्हणून आज लोकलमध्ये जनाबाई आठवत राहिली. डब्यात एका कोपऱ्यात भजन चालू होतं, त्यामुळेही असेल. गंगाखेडची पोर, पंढरपूरला नामदेवांच्या वडिलांच्या, दामाशेटींच्या घरी राहिली, आयुष्यभर त्या घरात दळण-कांडण, झाडलोट. तिची परिस्थिती कधी पालटली नाही. लक्ष्मी आली नाही, मोती आले नाहीत. ती देवालाच कामाला लावते: ‘झाडलोट करी जनी । केर भरी चक्रपाणी ॥’ राग आला तर ‘अरे विठ्या, अरे विठ्या’ म्हणून त्याला शिव्या घालते. आणि अभंगाच्या शेवटी नाव घालते. तीनशेहून अधिक अभंग आहेत तिच्या नावावर. केर काढणारी बाई, पण केलेल्या ओळीखाली ‘म्हणे जनी’ ठेवल्याशिवाय उठत नाही.

माझे एक्सेलचे तक्ते दर महिन्याला वर जातात. खाली नाव साहेबांचं.

लेकीला हे सांगितलं तर म्हणाली, “पण आई, ती ‘नामयाची दासी’ असंही लिहिते. म्हणजे मालकाचं नाव त्यातही आहेच.” आहे बाई. तुझ्या मार्कांची मला काळजी नाही. पण दासी म्हटल्यावरही पुढे जनी येतेच, आणि सातशे वर्षांनी आपण लोकलमध्ये तिची ओळ म्हणतो, दामाशेटींची नाही.

सोमवार

महिन्याचा तक्ता पाठवला. तळाशी डावीकडे बारीक अक्षरात ‘तयार करणारी’ आणि पुढे माझं नाव. साहेबांनी दुपारी तो वर पाठवला, नाव तसंच. मोठेपणा वगैरे काही नाही, त्यांनी खालपर्यंत वाचलाच नसावा. चालेल.

संध्याकाळी पुन्हा खुलभर दूध. आज लेक मुद्दाम येऊन बसली आणि कहाणी संपताच तिने विचारलं, “आजी, त्या म्हातारीने सगळ्यांना खाऊ घातलं. स्वतः काही खाल्लं का?”

सासूबाईंनी चष्मा सारखा केला, बोट ठेवून पान परत वाचलं. नव्हतं.

“सोमवार होता, उपास असेल तिचा,” मी म्हटलं.

“उपास असला म्हणून काय, उपाशी राहतात होय? साबुदाण्याची खिचडी खाल्ली असेल.”

“तेव्हा कुठला आला साबुदाणा, आजी!”

“मग रताळं,” सासूबाई म्हणाल्या. मला पेन्सिल आणायला सांगितली आणि ‘गाईवासरांना चारा घातला’च्या पुढे, समासात, वळणदार अक्षरात लिहिलं: स्वतः एक रताळं खाल्लं.

“पोथीत नाही ना ते,” मी म्हणाले.

“छापणाऱ्याने म्हातारीला विचारलं होतं का?”