पाच फूट एक इंच, पंधरा किलो सामान आणि कोकणातले चढ

कोकण किनारा सपाट आहे असं सांगणारा माणूस बहुतेक तिथं गाडीने जाऊन आलेला असतो. रेवसपासून रेडीपर्यंत सायकलने जायचं म्हटलं की खरा हिशेब कळतो. खाडी आली की रस्ता थेट पाण्यापर्यंत उतरतो. तिथं पूल नाहीतर फेरीबोट. पलीकडे गेलं की लगेच सड्यावरची चढण, वर जांभ्याच्या उघड्या कातळावर ऊन खायचं आणि पुढच्या खाडीसाठी परत खाली. आगरदांडा-दिघी, बागमांडले-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा फेरीबोटी जोडत जाणाऱ्या या वाटेवर एकेक चढ फार लांब नसतो, पण चांगलाच उभा असतो, आणि दिवसभरात असे किती येतात ते मोजायचं नसतं.

मला ही वाट सामानासकट करायची होती. मी कोल्हापूरची, वय पंचेचाळिशीच्या पुढे, बँकेत नोकरी, उंची पाच फूट एक इंच. उंची मुद्दाम सांगतेय, कारण पुढच्या निम्म्या भानगडी तिच्यामुळे झाल्या.

त्यासाठी सायकल घ्यायला गेले तर दुकानात पहिला प्रश्न बजेट किती हा, आणि दुसरा, "मॅडम, लेडीज मॉडेल दाखवू का?" लेडीज मॉडेल म्हणजे पुढे बास्केट आणि चढायला सोपं जावं म्हणून खाली आणलेली मधली नळी. मंडईत जायला उत्तम. पण मागे पंधरा किलो लादून चढावर उभं राहून पायडल मारलं की ती फ्रेम डुलायला लागते, आणि पाण्याच्या बाटल्या अडकवायला जागाच उरत नाही. नको म्हटल्यावर विक्रेत्याने आखूड हँडलची चकचकीत रोड बाइक पुढे केली. माझ्या ओळखीतल्या ब्रेव्हेवाल्या, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब अंतर कापणाऱ्या, मंडळींचाही तोच आग्रह होता. त्यांचं त्यांच्या जागी बरोबर आहे. त्यांना २०० किलोमीटर साडेतेरा तासांत आणि ६०० किलोमीटर चाळीस तासांत संपवायचे असतात, सोबत फार तर एक जर्किन आणि दोन ट्यूब. मला वेळेचं बंधन नव्हतं, सामानाचं होतं.

म्हणून मी सायकलीच्या नावापेक्षा तिचा सगळ्यात हलका गिअर बघायला लागले. हिशेब सोपा आहे. पुढच्या सगळ्यात छोट्या चकतीचे दात भागिले मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीचे दात, गुणिले चाकाचा घेर. नेहमीच्या रोड बाइकला पुढे ३४, मागे २८. म्हणजे पायडलचा एक फेरा मारला की सायकल सुमारे २.६ मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेरे धरले तर ताशी नऊ किलोमीटरहून जास्त. सड्याच्या चढावर, सामान लादून, हा वेग माझ्या ताकदीबाहेरचा. वेग कमी करावा तर पाय इतके हळू फिरतात की गुडघे बोलायला लागतात. याउलट जुन्या माउंटन बाइकला पुढे २४ आणि मागे ३४ दात मिळतात. २६ इंची चाकावर एका फेऱ्यात १.४ मीटर, साठ फेऱ्यांना ताशी पाच किलोमीटर. चालण्यापेक्षा जेमतेम जास्त, पण लागणारी ताकद जवळपास निम्मी, आणि आपण सीटवरच. आमचे एक काका म्हणाले, "१९२३ साली मुंबईहून निघून अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा सायकलवर जग फिरून १९२८ साली परत आले, त्यांनी कुठे दात मोजले होते?" काकांना उत्तर द्यायचं नसतं. पण ते तिघे विशीतले होते आणि मी नाही.

मग उंचीचं प्रकरण आलं. परदेशी कंपन्यांच्या खऱ्या टूरिंग सायकली, म्हणजे सामान लादून लांब जायच्या, उदाहरणार्थ १९८३ साली आलेली ट्रेक कंपनीची ५२०, ७००सी चाकांवर, म्हणजे २६ इंचीपेक्षा मोठ्या चाकांवर असतात. चाक मोठं आणि फ्रेम छोटी असली की पुढचं चाक पायाच्या फार जवळ येतं. हे दुकानातच बघता येतं आणि प्रत्येक बुटक्या माणसाने बघावं: सायकलवर बसायचं, पायडल पुढे आडवं आणायचं, पाऊल त्यावर नीट ठेवायचं आणि हँडल वळवायचं. एका हायब्रिडवर, म्हणजे रोड आणि माउंटन बाइकच्या मधल्या सायकलवर, माझ्या बुटाचं टोक टायरला सरळ घासलं. सरळ रस्त्याला याने काही बिघडत नाही, कारण वेगात आपण हँडल इतकं वळवत नाही. पण घाटातल्या वळणावर, ताशी पाचच्या वेगाने, सामानासकट, नेमकं वळवायच्या क्षणी पाय अडकला तर आडवंच व्हायचं. मडगार्ड लावलं की हे अंतर आणखी कमी होतं. विक्रेता म्हणाला, "सवय होते." होत असेलही.

छोट्या फ्रेमला छोटं चाक हा यावरचा जुना उपाय. सर्ली कंपनीची लाँग हॉल ट्रकर ही टूरिंग सायकल लहान मापांत २६ इंची चाकांवरच यायची, ती याचसाठी. ती बाहेरून मागवायची तर किंमत, कस्टम आणि नंतर एकेका सुट्या भागासाठी वाट बघणं. मी तो नाद सोडला आणि आपल्याकडच्या जुन्या २६ इंची माउंटन बाइक शोधायला लागले. बाजार २७.५ आणि २९ इंचांकडे गेल्यामुळे या आता लोक पडत्या भावात काढून टाकतात.

२६ इंचाचा दुसरा फायदा तालुक्याच्या गावात कळतो. शाळकरी पोरांच्या गिअर नसलेल्या रेंजर छाप सायकलींना हेच चाक असतं, त्यामुळे टायर-ट्यूब देवगडला मिळते आणि गुहागरलाही. फक्त नुसतं 'सव्वीसचा टायर द्या' म्हणायचं नाही. लेडीज सायकलचा २६ गुणिले १ ३/८ वेगळा आणि माउंटन बाइकचा २६ गुणिले १.७५ वेगळा. पहिल्याची रिंग ५९० मिलिमीटरची, दुसऱ्याची ५५९. आकडा अपूर्णांकात लिहिलेला असेल तर आपला नव्हे, दशांशात असेल तर आपला, एवढं लक्षात ठेवलं की पुरतं. ट्यूबचा व्हॉल्व्हसुद्धा मोटरसायकलसारखा जाड, म्हणजे श्रेडर, ठेवला. कुठल्याही पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर हवा भरता येते, पितळी अडॅप्टर शोधत बसावं लागत नाही.

स्टील की अॅल्युमिनियम यावर लोक तासन्‌तास बोलतात. स्टीलची फ्रेम गावातला वेल्डरही जोडतो, हा युक्तिवाद मला फारसा पटलेला नाही. चांगल्या क्रोमोली, म्हणजे मिश्र स्टीलच्या, फ्रेमच्या नळ्या एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतात, आणि ग्रील-गेट जोडणाऱ्याने त्यावर आर्क मारला तर जोड होण्याआधी भोकच पडायचं. मला मिळालेली फ्रेम अॅल्युमिनियमची होती, चौदा इंची, मागच्या बाजूला कॅरिअर आणि मडगार्ड या दोघांसाठी वेगवेगळी आटे पाडलेली भोकं असलेली. हे मला फ्रेमच्या धातूपेक्षा महत्त्वाचं वाटलं. बहुतेक ठिकाणी एकच भोक असतं आणि मग दोन्ही पाय एकाच बोल्टवर चढवावे लागतात. चेनस्टे, म्हणजे पायडलच्या आसापासून मागच्या चाकापर्यंतची नळी, मात्र आखूड होता, म्हणजे टाच मागच्या बॅगेला लागायची भीती. पण माझं पाऊल लहान. उंचीने एवढा त्रास दिला, तिथं एकदा तरी भरपाई.

पुढे काम मिस्त्रींचं. आमच्या पेठेत सायकलवाले मिस्त्री आहेत, वडिलांच्या काळापासून दुकान. सस्पेन्शन फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा स्प्रिंगचा चिमटा, बघून म्हणाले, "ताई, हा चिमटा आधी काढा. अडीच किलो वजन आणि बॅग लावायला जागा नाही." साधा स्टीलचा फोर्क मागवला. लांबी मुद्दाम जुन्याइतकीच, क्राउनपासून, म्हणजे चिमट्याच्या वरच्या जोडापासून, आसापर्यंत ४४० मिलिमीटरच्या आसपास. आखूड बसवला असता तर सायकल पुढे झुकली असती, हँडल नको तितकं चपळ झालं असतं आणि पायडल रस्त्याच्या आणखी जवळ आलं असतं.

मागचं चाक त्यांनी नवीन बांधलं, आणि ते बघायला मी शनिवारी दुपारी तिथंच स्टूल टाकून बसले. आधी त्यांनी जुना आस काढून काचेवर गडगडवला. मधे किंचित उडी मारत होता. वाकला होता. जुन्या स्क्रूच्या फ्रीव्हीलमध्ये, म्हणजे मागच्या चकत्यांचा गठ्ठा हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) आटे फिरवून बसवतात त्यात, चेनच्या बाजूचे छर्रे बरेच आत असतात, बाहेरचा आस अधांतरी राहतो, आणि वजन पडलं की तो तिथं वाकतो किंवा मोडतो. कॅसेटच्या, म्हणजे चकत्या सरकवून बसवायच्या, हबमध्ये छर्रे अगदी कडेला असतात. म्हणून आठ चकत्यांचा कॅसेट हब आणि बत्तीसऐवजी छत्तीस आरे. आरे ओवून झाल्यावर ते एकेक आरा तंबोऱ्याच्या तारेसारखा छेडून ऐकत होते. एका बाजूचे सगळे साधारण एका सुरात आले की मगच चाकाचा आउट, म्हणजे डुलणं, काढायला घेतला. चेनच्या बाजूचे आरे जास्त ताणलेले, दुसरीकडचे सैल, कारण चेनच्या बाजूला चकत्यांना जागा देऊन रिंग मधोमध आणावी लागते. तुटतात ते बहुधा मागच्याच चाकाचे.

ब्रेक रिंगला रबर दाबणारे व्ही-ब्रेकच ठेवले. पावसात जांभ्याचा लाल चिखल रिंग आणि रबर दोन्ही खातो हे मान्य, पण मी दिवाळी ते होळी याच काळात जाणार, आणि व्ही-ब्रेकचे रबर कुठंही मिळतात. शिवाय काही सायकलींवर मागच्या डिस्क ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे डिस्क दाबणारा भाग, नेमका कॅरिअरच्या पायाच्या आड येतो. टायर श्वाल्बेचे मॅरेथॉन, घाटावरच्या बाभळीच्या काट्यांसाठी. हँडल सरळच, वळवलेलं लावायचं तर ब्रेकचे आणि गिअरचे दांडे जुळवण्याचा नवा खर्च. ब्रूक्सच्या चामडी सीटचं सगळ्यांनी कौतुक केलं, मला ती मानवली नाही, विषय संपला. बॅगा, कॅरिअर, जुनी सायकल सगळं धरून पस्तीस हजारांच्या आसपास खर्च आला.

सामान लादल्याशिवाय सायकलीचं काहीच कळत नाही, आणि दुकानात कुणी लादून बघू देत नाही. मी आजरा घनसाळ तांदळाची पाच-पाच किलोची पाकिटं दोन्ही बाजूंना भरली, वर हत्यारं आणि पाणी, आणि कोल्हापूरहून गगनबावड्याला गेले. तिथून करूळ घाट उतरायचा, पायथ्याशी चहा प्यायचा आणि परत चढायचं. मैत्रीण मागून स्कूटरवर होती, तिला हा तांदूळ फिरवायचा प्रकार अजून पटलेला नाही.

उतारावर सायकल शांत होती. चढावर मात्र पुढचं चाक हलकं होऊन इकडेतिकडे शोधायला लागलं, सरळ रेषेत राहीना. सगळं वजन मागे, चढावर ते आणखी मागे सरकतं. माथ्यावर थांबून हत्यारं आणि पाण्याच्या दोन बाटल्या फोर्कवर बांधल्या आणि थोडं खाली जाऊन परत आले. हँडल मुठीत स्थिर झालं. साध्या फोर्कवर भोकं आहेत का हे घेतानाच बघून ठेवलं होतं, ते इथं कामी आलं. घरी येऊन कॅरिअरचे बोल्ट तपासले तर डावीकडचा खालचा पाऊण फेरा सैल. आता आट्यांवर बोल्ट सैल होऊ न देणाऱ्या लॉकटाइटचा थेंब आहे, आणि बोल्टच्या डोक्यावर नेलपॉलिशची रेघ, म्हणजे फिरला की बघताच कळतं.

क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, अजून १७० मिलिमीटरचीच आहे. माझ्या पायाला १६५ बरी पडेल, पण तीन चकत्यांची १६५ सहज मिळत नाही, मिस्त्रींनी पुण्याला सांगून ठेवलंय. जादा आरे चेनस्टेला चिकटपट्टीने बांधून ठेवलेत, दोन्ही बाजूंचे वेगळे, कारण चेनच्या बाजूचे लांबीला किंचित कमी असतात. मिस्त्रींनी आखूड आऱ्यांवर लाल पट्टी लावून दिलीय.