एकाच तारखेला एवढं कसं घडतं?

आमच्या गावच्या वाचनालयाबाहेर एक काळा फळा आहे. रोज सकाळी सातच्या आत ओल्या फडक्यानं तो पुसतो, वाळू देतो आणि त्या दिवसाचे दिनविशेष खडूनं लिहितो. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो तेव्हापासूनचा हा नेम. एसटीची वाट पाहणारे वाचतात, शाळेत जाणारी पोरं वहीत उतरवून घेतात. आणि दर थोड्या दिवसांनी कुणीतरी थांबून तेच विचारतं, "गुर्जी, एकाच तारखेला एवढं सारं कसं काय होते जी? काही योग असते का याच्यात?" तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट बसून लिहितो.

योग नसतो. वर्षाचे दिवस ३६५ आणि मागं सरलेली वर्षं हजारो. कोणत्याही तारखेवर बोट ठेवा, काही ना काही सापडतंच. वर्गात हे मी वाढदिवसावरून समजावून सांगायचो. ४० पोरांच्या वर्गात कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी येण्याची शक्यता शंभरात ८९ असते. नुसती २३ पोरं असली तरी ती निम्म्याच्या वर जाते. मात्र आमच्या शाळेच्या जुन्या दाखलखारीज रजिस्टरात हा हिशेब कामाचा नाही, कारण तिथं पानंच्या पानं १ जुलै. आईला आठवायचं ते "रोवण्यात झाला" किंवा "पोळ्याच्या आदल्या दिवशी". मग दाखल करणारे गुरुजी सोयीची तारीख टाकून मोकळे व्हायचे. ती माणसं आता सत्तरीला आली, आधार कार्डावर अजून तीच तारीख आहे. खरा जन्मदिवस आईसोबत गेला. मला याचं वाईट वाटतं.

आता १६ ऑगस्ट घ्या. ही तारीख मी मुद्दाम घेतो, कारण आमचा तालुका चिमूर.

या तारखेला १८८६ साली कलकत्त्याजवळच्या काशीपूरच्या बागेतल्या घरात रामकृष्ण परमहंसांनी देह ठेवला. १९०४ साली सुभद्राकुमारी चौहान जन्मल्या. नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात त्या होत्या. १९४६ साली कलकत्त्यात दंगल उसळली आणि हजारो माणसं मेली. २०१८ साली अटलजी गेले. यांना एका दोऱ्यात ओवायला जाऊ नका, दोरा नाही.

आणि १८१९. इंग्लंडातलं मँचेस्टर, कापसाच्या गिरण्यांचं शहर. एवढं मोठं शहर, पण पार्लमेंटात त्याचा एकही प्रतिनिधी नाही. मताचा हक्क मागायला सेंट पीटरच्या मैदानावर साठेक हजार माणसं जमली, लेकराबाळांसह, ठेवणीतले कपडे घालून. त्यांच्यावर घोडेस्वार तलवारी उपसून सोडले. पंधराच्या वर माणसं गेली, शेकडो जखमी झाली. चार वर्षांपूर्वीच वॉटर्लूची लढाई झाली होती, त्यावरून लोक या कत्तलीला पीटर्लू म्हणू लागले. ही सभा आधी ९ ऑगस्टला व्हायची होती. अधिकाऱ्यांनी ती बेकायदा ठरवली, म्हणून १६ वर गेली. ९ आणि १६! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. आमच्याकडे १९४२ मध्ये हेच दोन आकडे आहेत. तरी सांगतो, हा निव्वळ योगायोग आहे.

चिमूर आणि आष्टीचा मात्र योगायोग नाही.

९ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गांधीजी आणि सारे पुढारी पकडले गेले. बातमी आमच्या मुलखात पोचली, कानोकानी पसरली. तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांनी पोरं आधीच पेटलेली होती. आणि १६ तारखेला नागपंचमी होती, त्यात रविवार.

नागपंचमी म्हणजे काय ते आमच्या घरात येऊन पाहा. माझी आई भिंतीवर नाग काढायची, लाह्या ठेवायची. चुलीवर तवा चढायचा नाही, काही चिरायचं नाही. शेतात वखर नाही, डवरा नाही, जमीन दुखवायची नाही. श्रावणात एरवी माणूस दिवसभर चिखलात असतो, त्या दिवशी सारा गाव गावात. इंग्रज सभेला बंदी घालू शकत होता. नागपंचमीला कशी घालणार?

म्हणून एकाच दिवशी चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यातलं चिमूर उठलं आणि वर्धा जिल्ह्यातली आष्टी उठली, मधे शंभराहून जास्त किलोमीटरचं अंतर असताना. चिमूरच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला, त्यात कोवळा बालाजी रायपूरकर गेला. मग लोक खवळले, सरकारी अधिकारी आणि पोलीस मारले गेले. आष्टीत पोलीस ठाण्यावर तिरंगा लावायला गेलेल्यांवर गोळ्या चालल्या, तिथंही दोन्हीकडची माणसं पडली. नंतर फौज चिमुरात शिरली आणि तिनं आयाबहिणींवर जे अत्याचार केले, त्यांच्या चौकशीसाठी गांधीजींचे सहकारी प्राध्यापक भन्साळी यांनी ६३ दिवस उपास केला. पुढं कित्येकांना फाशीची शिक्षा झाली. ती टळावी म्हणून नागपूरच्या काँग्रेस नेत्या अनसूयाबाई काळे यांनी जिवाचं रान केलं.

सणानं माणसं एकत्र आणायची आणि इतिहासानं त्यांना तिथं गाठायचं, हे आणखीही झालं आहे. १३ एप्रिल १९१९ ला जालियनवाला बागेत माणसं होती, कारण बैसाखी होती. आणि कधी दिवस मुद्दाम निवडला जातो. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा घेतली, ती अशोक विजयादशमी म्हणून. आता दसरा एका दिवशी येतो, १४ ऑक्टोबर दुसऱ्या दिवशी. आमच्या गावातली माणसं दसऱ्याला दीक्षाभूमीवर जातात आणि १४ लाही विहारात वंदना होते. दोन्ही दिवस खरेच आहेत.

हे मला एका म्हातारीनं शिकवलं. काही वर्षांपूर्वीची नागपंचमी. मी फळ्यावर त्या तारखेचं नेहमीसारखं लिहून खडू पेटीत ठेवत होतो. ती लाह्यांचं ताट घेऊन वारुळाकडे निघाली होती. तिला वाचता येत नाही. फळ्याकडे पाहून तिनं विचारलं, "बालाजीचं नाव लिवलं का जी?" मी म्हटलं, "माय, त्याची तारीख अजून यायची आहे." ती म्हणाली, "तारीख कोणाले ठाव? तो पंचमीले गेला."

त्या दिवसापासून मी ते नाव वर्षातून दोनदा लिहितो. २०२४ मध्ये नागपंचमी नेमकी ९ ऑगस्टला आली. वर क्रांतिदिन लिहिला, खाली चिमूर, आष्टी आणि बालाजी, बाकी फळा कोराच ठेवला. १६ ला पुसून पुन्हा तेच लिहिलं. एका पोरानं विचारलं, "गुर्जी, हे तर मागच्या हप्त्यात झालं ना?" त्याला पायरीवर बसवून घेतलं आणि नागपंचमीपासून सांगायला सुरुवात केली.