डिस्क बदलायची कधी?

आज रत्नागिरीत तपासलेली गाडी चार दिवस पावसात उभी होती. ब्रेकच्या डिस्कवर तांबूस गंज, आणि मालकांना वाटलं दोन्ही डिस्क गेल्या. नाही हो! खाऱ्या हवेत बिडाची डिस्क एका रात्रीत तांबडी होते. आठ-दहा वेळा ब्रेक लावले की डिस्कला दाबून धरणारे ब्रेक पॅडच ती पुसून काढतात. पुसल्यावरही खोल खड्डे उरले, किंवा भेग कडेपर्यंत गेली, तर मात्र बदलायलाच हवी.

खरा निकाल जाडीवर. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो; २२ मिमीच्या डिस्कला बहुधा २०. व्हर्नियर, म्हणजे सरकत्या जबड्यांची मोजपट्टी, बाहेरच्या न झिजलेल्या कडेवर अडकतो आणि जाडी जास्त दाखवतो. म्हणून मायक्रोमीटरने, कडेपासून आत, सात-आठ ठिकाणी मोजा. आंबा घाट उतरताना पेडल थरथरत असेल तर बहुतेक वेळा जाडी सगळीकडे सारखी नसते. शतांश मिलिमीटरांचा फरकही पायाला कळतो.

बदलताना जोडीने बदला, पॅडही नवे घाला. आणि हबवरचा, म्हणजे डिस्क ज्या भागावर बसते त्यावरचा, गंज तारेच्या ब्रशने काढाच काढा. तिथे राहिलेली एक खपली नवी डिस्क वाकडी फिरवते, आणि काही हजार किलोमीटरांत थरथर परत हजर.