काट्यात गणित कुठंय?

गावी गेलो की पारावर हमखास कोणीतरी विचारतं, "मास्तर, काटा रुतला तं पाय सुजनारच. त्यात गनित कायचं करता बाप्पा?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सांगतो. सूज कशी चढते आणि कशी उतरते, ते मी समीकरणात मांडून संगणकावर पाहतो.

आमच्या यवतमाळकडे टाचेत बाभळीचा काटा मोडला नाही असा माणूस मिळायचा नाही. रात्रभर ठणका, सकाळी टाच लाल आणि गरम. कोणी रुईचा चीक लावतं, कोणी बिब्ब्याचा चटका देतं. आत तोवर न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी शिरांच्या भिंतीतून निसटून काट्याकडे निघालेल्या असतात. (हे कळलंसुद्धा काट्यामुळेच. १८८२ साली इटलीतल्या मेसिना इथं जीवशास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला, तर सकाळी त्याभोवती पेशींचा वेढा!)

पेशीला डोळे नाहीत. जखमेतून रसायनं झिरपतात, जवळ दाट, लांब विरळ. अंगाच्या दोन टोकांत त्यांचा एक-दोन टक्क्यांचा फरक पडला तरी तिला उमगतो. तरीही ती सरळ जात नाही. भटकते, फक्त कल काट्याकडे असतो. म्हणून समीकरणात दोन पदं: एक ओढीचं, एक भटकण्याचं.

इथवर सोपं आहे. माझं डोकं खाल्लं ते परतीनं. काम उरकल्यावर या पेशींना कोणी हाकलतं, की नुसती ओढ संपते?

उन्हाळ्यात आमच्या शेताजवळ एक म्हातारबा आकडीनं बाभळीच्या शेंगा पाडतात. बकऱ्या चहूकडून धावतात. शेंगा सरल्या की एक बांधाकडे, एक नाल्याकडे, एखादी उगाच फिरून झाडाखालीच. मी विचारलं, हाकलत नाही का? "काहून हाकलू? शेंगा सरल्यावर थांबून काय करतीन थ्या?"

इंग्लंडमधल्या शेफील्डच्या संशोधकांनी झेब्राफिश या छोट्या माशाच्या पिल्लांच्या शेपटीला जखम करून हेच तपासलं. २०१२ च्या त्यांच्या विश्लेषणात हाकलण्यापेक्षा नुसतं पांगणंच मोजमापांशी जास्त जुळलं.

या पांगण्याला वेळ लागतो. न्यूट्रोफिलचा वेग मिनिटाला साधारण १० मायक्रोमीटर (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). नाकासमोर चालली तर मिलिमीटरभर जायला १०० मिनिटं. सरासरी दोन मिनिटांनी दिशा विसरत गेली तर माझ्या हिशेबानं दीड-दोन दिवस, आणि अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट. सूज चढते भराभर आणि उतरते रेंगाळत, त्यात या हिशेबाचाही वाटा असावा.

सगळ्याच काही परतत नाहीत. पुष्कळशा तिथंच मरतात, आणि मोठ्या भक्षक पेशी त्यांना गिळून जागा साफ करतात. त्यांच्यासाठी समीकरणात वजा चिन्हाचं एक पद लागतं. पहिल्या खेपेला मी ते लिहायचंच विसरलो होतो. संगणकावरचा पाय आठवडा उलटला तरी सुजलेलाच!