होम वेगळं ठेवा, खरंच सांगतो

लिनक्स टाकताना पार्टिशनची (डिस्कचे भाग पाडायची) स्क्रीन आली की बरेच जण घाबरून सरळ 'इरेज डिस्क' दाबतात आणि मग विंडोजसकट सगळा डेटा जातो, म्हणून आधी बॅकअप घ्या, त्याशिवाय पुढे जाऊच नका.

विंडोज ठेवायचं असेल तर जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून श्रिंक करून मोकळी करा, आणि फास्ट स्टार्टअप (लवकर सुरू व्हावं म्हणून विंडोज पूर्ण बंद न करणारी सोय) बंद करा, नाहीतर विंडोजचं पार्टिशन अर्धवट झोपलेलं राहतं आणि लिनक्समधून त्यावर लिहिता येत नाही.

मग लिनक्सच्या इन्स्टॉलरमध्ये मॅन्युअल ऑप्शन (भाग स्वतः ठरवायचा) घ्या. रूटला, म्हणजे लिनक्स सिस्टिम जिथे बसते त्या भागाला, 40-50 जीबी एक्स्ट-4 (लिनक्सचा डिस्क फॉरमॅट), उरलेली जागा होमला, म्हणजे तुमच्या फाइल्स आणि सेटिंग्जच्या भागाला. हे होम वेगळं असणं मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण उद्या डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार, उदा. उबुंटू) बदलला तरी रूट फॉरमॅट करायचं, होमला फक्त माउंट पॉइंट (तो भाग सिस्टिममध्ये कुठे जोडायचा ती जागा, /home) द्यायचा, फॉरमॅटची टिक काढायची, की फोटो, सेटिंग्ज सगळं जिथल्या तिथे. स्वॅपसाठी (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) फाईलही चालते, पण हायबरनेट (चालू काम डिस्कवर ठेवून कॉम्प्युटर बंद करणं) हवं असेल तर साधारण रॅमएवढी जागा ठेवा.

विंडोज असेल तर ईएफआय पार्टिशन (कॉम्प्युटर सुरू होताना लागणाऱ्या फाइल्सचा भाग) आधीच असतं, फॅट-32 फॉरमॅटमधलं, छोटंसं. तेच वापरा, फॉरमॅट मात्र अजिबात करू नका, विंडोजचा बूटलोडर (विंडोज सुरू करणारा प्रोग्राम) त्यातच असतो.